वनगावाचा हक्क हजेरीपटावर लिहिलेला आहे

जंगलातल्या गावांविषयी वाद सुरू झाला की तो दोन वाक्यांपाशी येऊन अडतो. एक वाक्य असे: हे लोक अतिक्रमक आहेत, राखीव जंगलात घुसलेले आहेत, त्यांना बाहेर काढल्याशिवाय वाघ वाचणार नाही. दुसरे असे: हे लोक अनादी काळापासून इथे आहेत, जंगल त्यांचेच, सरकार मागाहून आले. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने २००६ च्या वनहक्क कायद्याखालचे दावे फेटाळल्या गेलेल्यांना हटवण्याचा आदेश दिला आणि २८ फेब्रुवारीला त्याला स्थगिती दिली. त्या पंधरवड्यात ही दोन वाक्ये सभांत, वर्तमानपत्रांत आणि वाहिन्यांवर इतक्या वेळा उच्चारली गेली की तिसरे काही बोलायला जागाच राहिली नाही. प्रश्न दहा लाखांहून जास्त दाव्यांचा होता. त्यातली गावे कोणी वसवली आणि कशासाठी वसवली, हे विचारायला मात्र कोणाला सवड नव्हती.

माझे म्हणणे असे की मध्य भारतातल्या आणि सातपुड्यातल्या पुष्कळ गावांच्या बाबतीत ही दोन्ही वाक्ये चूक आहेत. ही गावे अतिक्रमणातून उभी राहिली नाहीत आणि ती अनादीही नाहीत. ती लाकडासाठी वसवलेल्या कामगारांच्या वस्त्या आहेत आणि वसवणारे खुद्द वनखाते आहे. त्यामुळे त्यांचा हक्क प्राचीनतेच्या तराजूत तोलणे हाच मूळ घोटाळा आहे. तो हक्क केलेल्या कामातून आला आहे, आणि त्याचा पुरावा आजोबांच्या आठवणीत शोधण्याआधी खात्याच्या दप्तरात शोधला पाहिजे: हजेरीपटात, कूपनोंदीत (कूप म्हणजे तोडीसाठी आखलेला जंगलाचा तुकडा), कार्य आयोजनेत (म्हणजे जंगलाच्या कामाच्या लेखी आराखड्यात).

आलापल्ली घ्या. गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाकडे, अहेरी तालुक्यात, बल्लारशाहून शंभरेक किलोमीटरवरचे हे गाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते सागवानामुळे. खात्याची आरागिरणी, लाकडाचा विक्री डेपो, साहेबांची कार्यालये आणि भोवती मजुरांच्या वस्त्या, असा या गावाचा पसारा. रेल्वे येण्यापूर्वी या मुलखातले लाकूड प्राणहिता आणि गोदावरीच्या पात्रातून तराफे बांधून राजमहेंद्रीकडे उतरवले जाई. १९२९ मध्ये काझीपेठ-बल्लारशा मार्ग पुरा झाला आणि बल्लारशा हे उत्तर-दक्षिण रेल्वेवरचे मोठे लाकूडठाणे बनले. मार्च २०२३ मध्ये बल्लारपूरच्या, म्हणजे बल्लारशाच्याच, डेपोतून अयोध्येच्या मंदिरासाठी सागवान रवाना झाले तेव्हा मिरवणूक निघाली, ओंडक्यांना हार घातले गेले. एका बाजूने त्यात जिल्ह्याचा अभिमान पाहिला, दुसऱ्या बाजूने जंगलाची लूट पाहिली. दोघांचीही नजर लाकडावरच होती. ते लाकूड लावले, राखले, तोडले आणि ओढून आणले कोणी, हा प्रश्न दोन्हीकडे राहून गेला. आलापल्ली-भामरागड रस्त्यावर सुमारे सहा हेक्टरांचे जुने जंगल १९५३ पासून न तोडता राखले आहे. ‘वनवैभव’ म्हणून ते प्रसिद्ध आहे आणि २०१४ मध्ये ते राज्यातले पहिले जैवविविधता वारसा स्थळ ठरले. ते योग्यच झाले. पण या सहा हेक्टरांभोवतीच्या अफाट जंगलात ज्यांनी पिढ्यानपिढ्या कूप तोडले त्यांच्या वस्त्यांना वारसा सोडाच, साधा सातबारा मिळायलाही झगडावे लागते.

या वस्त्या झाल्या कशा, हे नीट समजून घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली आणि पुढच्या काही दशकांत लोहमार्गांनी देश विणला गेला. रुंद मार्गाच्या रुळांखालचा एक लाकडी स्लीपर नऊ फूट लांब, दहा इंच रुंद आणि पाच इंच जाड, म्हणजे तीन घनफुटांहून थोडे अधिक लाकूड. मैलाला साधारण १,७६० ते २,००० स्लीपर धरले तर एका मैलाला साडेपाच हजार घनफुटांच्या वर घडीव लाकूड लागते, आणि बारा-चौदा वर्षांत ते सगळे बदलावे लागते. या भुकेतून १८६४ मध्ये वनखाते जन्माला आले, १८६५ मध्ये पहिला कायदा झाला आणि १८७८ च्या कायद्याने राखीव जंगलाची पोलादी चौकट उभी केली. या कायद्याआधीचा वाद आजही वाचण्यासारखा आहे. ब्रिटिश वनाधिकारी बेडन-पॉवेलचा पक्ष म्हणत होता की लेखी पुरावा नसलेला वापर, मग तो कितीही जुना असो, हक्क होऊ शकत नाही. ती फार तर सवलत. पुण्याच्या सार्वजनिक सभेने याला हरकत घेतली होती. जोतीराव फुल्यांनीही जंगलखात्याने शेतकऱ्याच्या गुराढोरांचे रान कसे हिरावले यावर कडक शब्दांत लिहिले. चौकट मात्र बेडन-पॉवेलच्याच बाजूची झाली.

राखीव जंगल मोकळे केल्यावर खात्याला कळले की जंगल राखायला आणि तोडायलाही माणसे लागतात, आणि माणसे तर आपणच हुसकली. फिरती शेती बंद करण्याचा धडाका चालू होता: कानडा जिल्ह्यातली कुमरी, मध्य प्रांतातला बेवर. १८९० मध्ये मंडला जिल्ह्यात बैगांसाठी २३,९२० एकरांचा ‘बैगा चक’ राखून बाकी ठिकाणी बेवर थांबवण्यात आला. ज्यांची शेती अशी सुटली त्यांनाच जमिनीच्या तुकड्याच्या बदल्यात जंगलाच्या कामावर बसवायचे, ही युक्ती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांपासून रुळली. हीच वनग्रामे, खानदेशात त्यांना वनगावे म्हणतात. ठाण्यात एकसाली पट्टे निघाले, म्हणजे एका वर्षाच्या बोलीने दिलेली जमीन. कुलाब्यात, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात, कातकरी आणि ठाकरांना दळीची, म्हणजे डोंगरउतारावर कसायची, जमीन मिळाली. ब्रह्मदेशात वनाधिकारी ब्रँडिसने १८५६ पासून कारेन लोकांकडून डोंगरी भाताच्या ओळींत साग पेरून घ्यायला सुरुवात केली होती. ती टांगिया पद्धत पुढे बंगाल आणि संयुक्त प्रांतातही आली. नावे निराळी, करार एकच: घर बांधायला लाकूड घे, थोडी जमीन कस, ठरावीक गुरे चार, आणि खाते हाक मारील तेव्हा ठरल्या दराने, कधी दराशिवायही, कामावर ये. जमीन विकता येणार नाही, गहाण ठेवता येणार नाही, आणि कामाला आला नाहीस तर पट्टा रद्द.

खात्याला ठेकेदाराच्या तळावर भागवता आले नसते का? तळावरचा मजूर तोडीपुरता येतो आणि जातो. सागाच्या जंगलाचे काम मात्र बारमाही आहे. त्याचे वेळापत्रक पाहिले की जमीन का द्यावी लागली ते उलगडते. जूनच्या पहिल्या पावसात जडी लावायची. जडी म्हणजे रोपवाटिकेतले वर्षभराचे अंगठ्याएवढ्या जाडीचे रोप. त्याचा शेंडा कापून दोन-तीन सेंटिमीटर खोड ठेवायचे, आणि सोटमूळ वीतभर ठेवून बाकीचे छाटायचे. पहारीने सरळ भोक पाडून जडी त्यात सोडायची आणि भोवतीची माती टाचेने घट्ट दाबायची. मुळाभोवती पोकळी राहिली तर जडी वाळते, पाणी साचले तर सडते, भोक तिरपे पडले तर सोटमूळ वाकते आणि झाड जन्मभर दुबळे राहते. दोन मीटर बाय दोन मीटरने लावायची तर हेक्टरला २,५०० जड्या. दहा हेक्टरांच्या रोपवनाला पंचवीस हजार भोके, तीही पावसाच्या पहिल्या झडीत. उशीर झाला की गवत सागावर चढते. मग पावसाळाभर निंदणी. पाऊस संपला की तोडीचा हंगाम, तो साधारण मार्चपर्यंत. मधल्या थंडीत जाळरेषा काढायच्या, म्हणजे कूपांच्या कडेने गवताचे पट्टे कापून ते आपणच आधी जाळायचे, आणि १५ फेब्रुवारी ते १५ जून वणव्यावर पहारा ठेवायचा. हा पहारा ज्यांची घरे जंगलात आहेत तेच ठेवू शकतात. धूर दिसल्यावर शहरातून माणसे येईपर्यंत कूप राख होते.

म्हणूनच मी म्हणतो की वनगावाची जमीन हा मजुरीचाच एक भाग होता. खाते रोख कमी देऊ शकले, कारण उरलेले पोट त्या जमिनीवर भरत होते. ज्वारी-कोदो शेतात पिके, म्हणून वर्षभराच्या कामाला खात्याला वर्षभराची मजुरी मोजावी लागली नाही. ज्या जमिनीने खात्याचा खर्च वाचवला तिला पुढे खात्याची मेहेरबानी म्हणणे हा हिशेबाचा विपर्यास आहे.

खात्याला हिशेब ठेवता येत नव्हता असेही नाही. सागाच्या एका झाडाचा हिशेब बघा. तोडायच्या झाडावर दोन ठिकाणी साल सोलून हातोड्याचा शिक्का मारतात: एक छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून १.३७ मीटरवर, आणि दुसरा अगदी बुंध्याशी. वरचा शिक्का ओंडक्याबरोबर जातो, खालचा खुंटावर राहतो. कूप संपल्यावर खुंट मोजले आणि बुंध्याला शिक्का नसलेला एक जरी सापडला तरी चोरटी तोड झाली हे तिथल्या तिथे कळते. तोड जमिनीलगत करायची, खुंट पंधरा सेंटिमीटरांहून उंच ठेवायचा नाही आणि त्याचा माथा उतरता तासायचा, कारण त्यावर पाणी साचले तर तो कुजतो आणि नवे धुमारे फुटत नाहीत. पाडलेल्या ओंडक्याला क्रमांक पडतो, मध्यावर घेर मोजतात, लांबी मोजतात. जुनी रीत चौथाई घेराची: घेराला चाराने भागायचे, त्याचा वर्ग करायचा, लांबीने गुणायचे. चार फूट घेराचा वीस फूट लांब ओंडका या रीतीने वीस घनफूट भरतो. प्रत्यक्षात त्यात साडेपंचवीस घनफुटांच्या आसपास लाकूड असते. घडाईत वाया जाणारे लाकूड आधीच वजा धरलेले असते. मग बैलगाडीने, अवघड जागी हत्तीने ओढून ओंडका रस्त्याला, तिथून वाहतूक परवान्यासह डेपोत, डेपोत थप्पी, थप्पीचा लिलाव. गडचिरोलीतल्या कमलापूरचा हत्तीकॅम्प ही त्याच ओढाईच्या दिवसांची आठवण आहे. एका झाडाची नोंद जंगलात, रस्त्यावर, नाक्यावर, डेपोत आणि लिलावात अशी पाच ठिकाणी होते. ज्या खात्याने खुंटापर्यंत शिक्के मारले, घेर इंचात मोजला, त्याने ते झाड तोडणाऱ्याचे शेत शंभर वर्षे मोजले नाही. हे विसरभोळेपणाने झाले असे मानता येत नाही. मोजले असते तर नोंद झाली असती आणि नोंद झाली असती तर हक्क उभा राहिला असता.

समोरच्या बाजूचा सर्वात दमदार मुद्दा आता घेतो. ते म्हणतात, ठीक आहे, खात्याने मजूर म्हणून आणले, मजुरी दिली, काम संपले. कारखान्यात काम केले म्हणून कारखाना कामगाराचा होतो का? करार लेखी होता, तो तात्पुरता होता, हे दोन्ही पक्षांना ठाऊक होते. या युक्तिवादात तथ्य आहे, आणि ‘अनादी काळा’च्या घोषणेने त्याला उत्तर देता येत नाही, कारण वस्ती १९३५ ची आहे हे सिद्ध झाले की घोषणा कोसळते. उत्तर दुसरीकडे आहे, आणि ते मुंबईनेच दिलेले आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. गिरण्या बंद पडल्या, जमीन सोन्याच्या मोलाची झाली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने त्या जमिनीत महापालिकेला आणि म्हाडाला वाटा दिला. २००१ च्या दुरुस्तीने त्या वाट्याला मोठी कात्री लावली, पण गिरणीच्या जमिनीवर कामगाराला घर मिळाले पाहिजे हे तत्त्व टिकले. घरासाठी पात्र कोण? १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर ज्याचे नाव गिरणीच्या पटावर होते तो. कोणी विचारले का, की तुझे आजोबा लालबागेत राहत होते का? कामगार कोकणातून आला की घाटावरून, हा प्रश्न गैरलागू होता. पटावर नाव आहे, एवढे पुरे होते. गिरणगावाला जो न्याय लागू झाला तो वनगावाला लावताना, वनहक्क कायदा बिगर आदिवासींकडून मागतो तसा, पंचाहत्तर वर्षांच्या वस्तीचा पुरावा का मागायचा?

कंपनीच्या लाकूडगावांचा परदेशातला अनुभवही याच दिशेने बोट दाखवतो. कॅलिफोर्नियातले स्कोशिया हे गाव शतकाहून अधिक काळ पॅसिफिक लंबर कंपनीच्या मालकीचे होते: घरे कंपनीची, दुकान कंपनीचे, नोकरी गेली की घरही गेले. १९८० च्या दशकाच्या मध्यात कंपनी कर्ज काढून आलेल्या नव्या मालकाच्या हाती गेली, कर्ज फेडण्यासाठी रेडवूडची तोड वाढली आणि २००७ मध्ये कंपनीने दिवाळे काढले. पुढे त्या गावाची मोजणी करून घरागणिक भूखंड पाडले गेले आणि घरे विकायला काढली गेली. तिथे राहणाऱ्यांना ती विकत घ्यावी लागली, आणि सगळ्यांना ते परवडले असेल असे मी म्हणत नाही. पण लाकूड संपले म्हणून गाव बेकायदा झाले असे तिथे कोणी म्हटले नाही. वनगावाच्या बाबतीत मालक कंपनी नव्हती, सरकार होते. सरकारकडून कंपनीपेक्षा अधिक अपेक्षा ठेवायची की कमी?

दुसरा आक्षेप वन्यजीवांचा आहे आणि तो मी हलका मानत नाही. गावाबरोबर रस्ता येतो, वीज येते, गुरे येतात. वाघाला निवांत गाभा लागतो. मेळघाटात १९७४ पासून व्याघ्रप्रकल्प आहे आणि गाव उठलेल्या जागी कुरणे परत आली आहेत, हरणे वाढली आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण हा आक्षेप हक्क नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही. तो हक्क मान्य करून मग वाटाघाटी करण्याचे कारण आहे. २००६ मध्ये सुधारलेला वन्यजीव कायदाही हेच सांगतो: व्याघ्रक्षेत्रातून स्थलांतर स्वेच्छेने, आणि तेही हक्कांची मान्यता पुरी झाल्यावर. भरपाईची रक्कम कुटुंबामागे दहा लाख होती, २०२१ मध्ये ती पंधरा लाख झाली. ज्याचा हक्क कागदावर आहे तो या रकमेवर बोलणी करू शकतो, जमिनीच्या बदल्यात जमीन मागू शकतो, नाहीही म्हणू शकतो. ज्याला अतिक्रमक ठरवले आहे त्याची ‘स्वेच्छा’ किती खरी? नर्मदेने हे दाखवून दिले आहे. सरदार सरोवरात महाराष्ट्राची ३३ गावे बाधित झाली. अक्राणी-अक्कलकुव्याच्या त्या पट्ट्यात जमिनीचे मोजमापच नीट झालेले नव्हते. पिढ्यानपिढ्या कसणाऱ्यांना सातबारा नाही म्हणून अतिक्रमक म्हटले गेले आणि नर्मदा पाणीतंटा लवादाने खातेदारांना देऊ केलेल्या जमिनीसाठी त्यांना वर्षानुवर्षे लढावे लागले. नोंद न ठेवण्याची किंमत नोंद न ठेवणाऱ्याने मोजली नाही.

आणखी एक गोष्ट मोकळेपणाने मान्य केली पाहिजे: राखीव जंगलाची चौकट नसती तर हा साग उरलाच असता असे नाही. १९५१ मध्ये मालगुजारी, म्हणजे तिथली जमीनदारी, संपणार हे दिसताच मध्य प्रांतातल्या अनेक मालगुजारांनी आपली जंगले ठेकेदारांना तोडायला देऊन टाकली. खात्याने जंगल टिकवले, हे खरे. पण ‘खाते’ म्हणजे कोण? १५ फेब्रुवारीनंतर वणव्यावर हिरव्या डहाळ्या घेऊन धावणारा माणूस खात्याचा पगारी अधिकारी नव्हता. खात्याचे श्रेय मान्य करायचे तर ते पटावरच्या या नावांपर्यंत न्यावे लागते.

हक्कांच्या बाजूने बोलणाऱ्या कार्यकर्त्यांशीही माझे भांडण आहे. त्यांनी ‘अनादी काळ’ का धरला ते मी समजू शकतो. १८७८ च्या कायद्याने प्राचीन वापर उडवून लावला होता, त्या अन्यायाला प्राचीनतेनेच उत्तर द्यावे असे वाटणे स्वाभाविक आहे. शिवाय काही गावे खरोखरच राखीव जंगलाआधीची आहेत आणि आरक्षणाच्या रेषेने त्यांना वनगाव बनवले. पण सगळ्या गावांना एकच कुळकथा देण्याने कामगार-वस्त्यांचे नुकसान झाले आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात अनुसूचित जमातीच्या दावेदाराला १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो. इतरांना त्या तारखेआधीची तीन पिढ्यांची, म्हणजे ७५ वर्षांची वस्ती दाखवावी लागते. म्हणजे डिसेंबर १९३०. आता टांगिया वस्तीत १९४० मध्ये आणलेल्या बिगर आदिवासी मजुराचा नातू काय दाखवणार? खात्याने त्याच्या आजोबांना आणले हे खात्याच्याच कागदावर आहे, आणि तेच कागद त्याच्या विरुद्ध वाचले जातात: बघा, हा तर १९४० मध्ये आला. गोरखपूर आणि महाराजगंज जिल्ह्यांतल्या वनटांगिया गावांनी या अडचणीशी दीर्घ झुंज दिली आणि २०१७ नंतर त्यांना महसुली गावाचा दर्जा मिळाला. तिथे लोकांचा दावा होता की सालवृक्ष आमच्या वाडवडिलांनी लावला. तो खरा होता, तपासता येत होता, आणि त्याला पुराणाची गरज नव्हती.

महाराष्ट्राला तर या विचाराची स्वतःची परंपरा आहे. १९४५ मध्ये तलासरी-डहाणूच्या वारल्यांनी वेठ नाकारली आणि गवत कापण्याच्या, जंगलतोडीच्या मजुरीसाठी संप केला, तेव्हा त्यांनी प्राचीनतेचा नव्हे, कामाचा मोबदला मागितला. त्या उठावाच्या धक्क्यातून १९४७ पासून खेर मंत्रिमंडळाच्या काळात जंगल कामगार सहकारी संस्था सुरू झाल्या. ठेकेदाराला वगळून कूप थेट मजुरांच्या संस्थेला द्यायचा, ही कल्पना देशात इथेच रुजली. पुढे १९८० चा वनसंवर्धन कायदा आला, सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन आदेशाने तोडीवर आणि आरागिरण्यांवर कडक बंधने आली, आणि कूप घटले तसे या संस्थांचे कामही आटले. तोड कमी झाली हे जंगलाच्या भल्याचे झाले. पण ज्या दिवशी तोड थांबली त्या दिवशी वनगावातल्या माणसाचे स्थान कामगारावरून उपऱ्यावर आले, आणि ते बदलणारा एकही लेखी आदेश त्याच्या हातात कोणी दिला नाही.

बनावट दाव्यांचे काय, हा प्रश्न उरतो. ते झाले आहेत. १९८० नंतर जंगल तोडून शेते काढणारे आणि मग जुनी वहिवाट सांगणारे लोक आहेत, आणि त्यांच्यामुळे खऱ्या दाव्यांवर शंका येते. यावर उपायही दप्तरातच आहे. वनहक्क नियमांतल्या तेराव्या नियमात पुराव्यांची यादी आहे. तिच्यात कार्य आयोजना, व्यवस्थापन आराखडे, वनचौकशीचे अहवाल, गॅझेटियर आणि इतर वनअभिलेख स्पष्ट नमूद आहेत. कायद्याच्या कलम २(च) मधल्या वनग्रामाच्या व्याख्येतच वनकामांसाठी खात्याने जंगलात वसवलेली वस्ती येते, टांगिया वस्त्यांसह. जुन्या कार्य आयोजनेत कोणत्या कूपाजवळ किती घरांचे वनग्राम आहे, मजूर कुठून मिळतात, हे लिहिलेले असते, कारण मजुरांशिवाय कूपाचे नियोजनच करता येत नाही. रोपवनाच्या नोंदवहीत लागवडीचे वर्ष असते, मजुरीच्या मस्टरवर नावे आणि अंगठे असतात. १९८५ मध्ये घुसलेल्याचे नाव १९५५ च्या मस्टरवर सापडणार नाही. मग हे दप्तर दावेदाराने शोधून आणावे अशी अपेक्षा का? ज्याला गावात सातबारा मिळत नाही त्याने चंद्रपूरच्या किंवा नागपूरच्या अभिलेखागारातून कार्य आयोजना काढून आणायची? तपासणी समितीपुढे खात्याचा अधिकारी बसतो, आणि हा कागद त्याच्याच कपाटात असतो.

१८७८ मध्ये लोकांकडे वापर होता पण कागद नव्हता, म्हणून हक्क नाकारला गेला. आज कागद आहे, तो सरकारने स्वतः लिहिलेला आहे, आणि तरी लोकांकडून तीन पिढ्यांच्या आठवणी मागितल्या जातात. एकच खाते दीडशे वर्षांत दोन उलट कसोट्या लावत असेल आणि दोन्ही वेळा निकाल एकाच बाजूला जात असेल, तर दोष कसोटी देणाऱ्यात शोधायचा की घेणाऱ्यात?

म्हणून प्रत्येक वनविभागाने आपल्या जुन्या कार्य आयोजनांतली वनग्रामांची पाने, रोपवन नोंदवह्या आणि उरलेली मस्टर ग्रामसभांना स्वतःहून द्यावीत. दावेदाराने मागण्याची वाट पाहू नये. दप्तर वाळवीने खाल्ले असेल तर तसे लेखी द्यावे, आणि त्या गावापुरता पुराव्याचा भार खात्याने उचलावा. पटावर नाव असलेल्या बिगर आदिवासी मजुराच्या वारसांना ७५ वर्षांच्या अटीतून सूट मिळावी. त्यासाठी कायद्यात दुरुस्ती लागेल, ती करावी. महसुली गाव करताना केवळ घरांभोवती रेघ ओढून मोकळे होऊ नये. २०१२ च्या सुधारित नियमांनुसार गावाचा सगळा प्रत्यक्ष जमीनवापर आणि पुढे लागणारी शाळा, दवाखाना, सार्वजनिक जागा हे सारे त्या हद्दीत यायला हवे. जमीन धनदांडग्यांच्या हाती जाईल ही भीती ज्यांना वाटते त्यांनी कलम ४(४) वाचावे: हा हक्क वारसाने जातो, विकता येत नाही. मोजणीला माणसे कमी पडत असतील तर ज्या गावांनी शंभर वर्षे साखळी धरून कूपांच्या सीमा आखल्या, तिथली माणसे हे काम जाणतात. त्यांना रोजावर घ्यावे आणि या वेळी मोजणी त्यांच्याच शेतांची करावी.